तक्रार पत्र: घानातील बाजारांऐवजी ठरावीक दुकानात नेऊन छापील कापड ‘केंटे’ म्हणून विकल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
परदेश सहल विभाग

विषय: पश्चिम आफ्रिका ‘हस्तकला विशेष’ सहलीत कबूल केलेले बाजार न दाखवणे आणि त्यासंबंधीच्या तक्रारीला मिळालेली उत्तरे.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहकसेवा केंद्राशी झालेले बोलणे हे माझ्या बाजूने शेवटचे समजावे. यापुढे जे काही असेल ते लेखीच होईल. ही सहल आपणच आखली आणि आपणच विकली, त्यामुळे तीत काय होते हे मी आपणास समजावून सांगत बसत नाही. जे नव्हते तेवढेच लिहिते.

विमान, हॉटेल आणि जेवण यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ ठेवा, ही सूचना आपण वेळेवर दिलीत आणि ती बरोबर होती. संपूर्ण सहलीत आपल्याकडून मिळालेली तेवढी एकच माहिती बरोबर निघाली.

घानातील कोफोरिडुआ या गावचा मण्यांचा बाजार गुरुवारी भरतो. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘गुरुवारचा प्रसिद्ध बाजार’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि त्याच ओळीच्या डाव्या बाजूला वार शुक्रवार दिलेला आहे. ही विसंगती निघण्यापूर्वीच मी ईमेलने कळवली होती. त्यावर ‘स्थानिक एजंटने सर्व जुळवून आणले आहे, निश्चिंत राहावे’ असे उत्तर आले. एजंटने बाजार एक दिवस पुढे ढकलला असावा, अशा समजुतीने आम्ही निश्चिंत राहिलो. शुक्रवारी आमची बस तिथे पोहोचली तेव्हा बहुतेक मांडण्या रिकाम्या होत्या आणि आमच्या टूर लीडरने त्या रिकाम्या मांडण्यांसमोर आमचा ग्रुप फोटो काढला. तिकडचे मणी बनवणारे क्रोबो लोक जुन्या बाटल्यांची काच कुटून तिची पूड मातीच्या साच्यात भरतात, भोकासाठी कसाव्याच्या पानाचा देठ मधोमध उभा करतात आणि साचा भट्टीत भाजतात. देठ जळून जातो आणि मण्याला आरपार भोक राहते. ते मणी जिथे माळांनी टांगलेले असतात आणि विकणाऱ्या बायकांशी बोलून, हाताळून घेता येतात, तिथे जाण्याचे पैसे आम्ही भरले होते. मोकळ्या मांडण्या बघण्यासाठी घानाच्या राजधानीपर्यंत, अक्रापर्यंत, जावे लागत नाही.

आता बोन्विरे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटेच्या, म्हणजे घानाच्या पारंपरिक हातमागाच्या कापडाच्या, विणकामाची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली, हे आपण पत्रिकेच्या मुखपृष्ठावरच छापले आहे आणि ‘विणकरांच्या गावात थेट खरेदी’ असे वचनही त्याखालीच दिले आहे. हे गाव कुमासी शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. त्या दिवशी मात्र रस्ता बंद असल्याचे सांगून आमची बस कुमासीच्या वेशीवरील एका वातानुकूलित दुकानासमोर उभी करण्यात आली. बाजारात परदेशी माणसाची फसवणूक होते, इथे दर ठरलेले आहेत, तेव्हा इथेच मनसोक्त खरेदी करा, असे लीडरने सांगितले. फसवणुकीपासून वाचवण्याची ही पद्धत मला अपूर्व वाटली, कारण त्या दुकानात ‘हातमागाचे अस्सल केंटे’ म्हणून माझ्या सहप्रवासिनीने सहा हजार रुपयांना घेतलेले कापड साधे छापील सुती कापड होते.

ते छापील आहे हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. माझे माहेर येवल्याचे आहे. पैठणी हातात आली की आधी पदर उलटा करून बघायचा, ही आमच्याकडची लहानपणापासूनची सवय आहे. बसमध्ये मी त्या कापडाचा कोपरा उलटला, तर मागची बाजू पांढुरकी, नक्षीचा नुसता फिकट ठसा उमटलेला. केंटे हे सुमारे चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्या विणून, त्या काठाला काठ लावून शिवलेले कापड असते; या कापडात पट्टी नाही, शिवण नाही, आणि पट्ट्यांच्या जोडाच्या जागी चक्क काळ्या रेघा छापलेल्या. बिलावर मात्र आपल्या ग्रुपचा क्रमांक हाताने लिहिलेला होता आणि त्याखाली आपल्या लीडरची सही होती. दुकानदाराला आमच्या ग्रुपचा क्रमांक कशासाठी हवा होता, याचा अर्थ मी लावत नाही. तो आपणच लावावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी जणी स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून बोन्विरेला जाऊन आलो आणि बस निघण्यापूर्वी हॉटेलवर परतलो. रस्ता बंद नव्हता, आणि आदल्या दिवशीही तो बंद नव्हता, असे चालकाने हसत सांगितले. तिथे ताण्याचे सूत मागापुढे लांबवर ताणलेले होते आणि त्याच्या टोकाला ओझे म्हणून दगड ठेवलेला होता. विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरून मागाच्या वया (ताण्याचे सूत उचलणाऱ्या चौकटी) वरखाली करीत होता. मी काही विचारण्याआधीच त्याने पट्टी उलटी करून मला मागची बाजू दाखवली. आपल्या पत्रिकेत छापलेली गोष्ट खरोखर अस्तित्वात होती, आणि ती दाखवायला आपल्याला फक्त बसचे चाक त्या दिशेला वळवायचे होते, हेच अधिक संतापजनक आहे. त्याच रस्त्यावर अहवियाचे लाकूडकाम आणि न्टोन्सोचे आदिंक्रा ठसे, म्हणजे भोपळ्याच्या कवटीत कोरलेले आणि झाडाच्या सालीच्या शाईत बुडवून कापडावर उठवलेले ठसे, हेही कबूल केलेले होते. त्यांचा तर नंतर कोणी उच्चारही केला नाही.

अक्राच्या आर्ट सेंटरसाठी अर्धा दिवस कबूल असताना आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली, तीही बसचे इंजिन चालू ठेवून. त्या बाजारात मागे लागणारे, हाताला धरून आपल्या गाळ्यात नेणारे विक्रेते असतात, हे मी नाकारत नाही. पण तिथे आधी विचारपूस करायची, मग किमतीचा विषय काढायचा, घासाघीस हसतखेळत करायची, पैसे उजव्या हातानेच द्यायचे, आणि या सगळ्याला वेळ लागतो. उत्तर घानातील बोल्गाटांगा गावच्या गवती टोपलीचा सौदा निम्म्यावर आला असताना लीडरने शिट्टी वाजवली. शाळेच्या सहलीतसुद्धा शिक्षक याहून सभ्यपणे बोलावतात.

आता आजच्या फोनबद्दल. बऱ्याच वेळाने आलेल्या ‘वरिष्ठ अधिकाऱ्यां’चे पहिले वाक्य होते, “काकू, तुम्ही आधी शांत व्हा.” मी शांतच होते, मी नुकताच फक्त बुकिंग क्रमांक सांगितला होता. नंतर त्यांनी विचारले, कापड फाटके निघाले का? मी नाही म्हटले. रंग गेला का? नाही. “मग प्रॉब्लेम काय आहे?” मी म्हटले, ते विणलेले नाही, छापलेले आहे. त्यावर ते थोडे थांबले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “काकू, घरी आलेल्या पाहुण्यांना काय कळणार आहे, विणलंय की छापलंय ते?” हे वाक्य मी मुद्दाम लगेच लिहून ठेवले आणि त्यांना परत वाचून दाखवले, त्यांनी ते नाकारले नाही, उलट “तेच तर म्हणतोय” असे म्हणाले. मी गुरुवारच्या बाजाराचा विषय काढला, तर उत्तर आले, “शेवटी सुव्हेनिअरच ना, ते सगळीकडे सारखंच मिळतं.” आणि या सगळ्यावर उपाय म्हणून त्यांनी आपल्या केनिया सफारीवर पाच टक्के सवलत देऊ केली. मी म्हटले, मला हस्तकलेचे बाजार बघायचे होते, सिंह नव्हे. ते म्हणाले, “काकू, ती पण आफ्रिकाच आहे ना?” फोन ठेवण्यापूर्वी या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल, अशीही विचारणा झाली. ते गुण मी या पत्राद्वारे देत आहे.

माझ्या सासूबाईंची काशीयात्रा आपल्याच कंपनीतर्फे झाली होती, आणि त्या वेळी आपले व्यवस्थापक स्वतः गाडीत चढून प्रत्येकाची विचारपूस करीत असत. त्या आठवणीवर विसंबून आम्ही दुसऱ्या कोणाचे दरपत्रकही मागवले नाही. आज त्याच कंपनीत बाजाराचा वार छापताना पंचांग सोडा, साधे कॅलेंडरसुद्धा कोणी उघडत नाही, आणि ते दाखवून देणारी ग्राहक ‘काकू’ ठरते.

माझी मागणी अशी आहे: न दाखवलेल्या कोफोरिडुआ, बोन्विरे, न्टोन्सो व अहविया या भेटींचा प्रमाणशीर परतावा सर्व सहप्रवाशांना मिळावा; छापील कापड घेणाऱ्यांचे पैसे परत करावेत; आमच्या टॅक्सीचे भाडे द्यावे; आणि त्या दुकानाशी आपला व्यवहार काय आहे, ते लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी माझ्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात यांबद्दल तक्रार दाखल करीन. त्यासाठी मला आपल्या मुख्यालयाच्या गावी यावे लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्कही लागत नाही, हे आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना कळवावे.

केनियाचे माहितीपत्रक पाठवू नये. उत्तर लेखीच पाठवावे. फोन उचलला जाणार नाही.

आपली माजी ग्राहक,
(सही)

सोबत: कार्यक्रमपत्रिका व ईमेलची प्रत, दुकानाचे बिल, कापडाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, टॅक्सीची पावती.