पाळत ठेवल्याचा पुरावा कुणी द्यायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिग्दर्शकाने माहितीपटात स्वतःच्या घरातली गोष्ट सांगितली, की ‘व्यक्तिगत’ असा शिक्का मारून ती जरा बाजूला ठेवण्याची सवय आपल्याकडे समीक्षकांना आहे आणि प्रेक्षकांनाही. छळ आणि पाळत या दोन विषयांपुरता तरी हा शिक्का वापरू नये, असे मला वाटते. पाळतीचा अनुभव ज्याच्यावर पाळत आहे तोच सांगू शकतो, आणि त्याने तो सांगितला की लोक आधी त्याच्याच मनःस्वास्थ्याविषयी शंका घेतात. अशा माणसाच्या हाती कॅमेरा आला तर काय घडू शकते आणि ते घडण्यासाठी कायद्याचे पाठबळ किती लागते, हे एका उदाहरणावरून मांडतो.

अमेरिकेत शिकागोलगत ब्रिजव्ह्यू नावाचे उपनगर आहे आणि तिथे अरब वंशाच्या मुस्लिम कुटुंबांची मोठी वस्ती आहे. याच वस्तीत वाढलेल्या, मूळ अल्जीरियन कुटुंबातल्या पत्रकार आसिया बुंदावी यांनी २०१८ मध्ये ‘द फीलिंग ऑफ बीइंग वॉच्ड’ हा माहितीपट केला. रात्री घराबाहेरच्या टेलिफोनच्या खांबावर माणूस चढलेला पाहून मुलगी घाबरते, तेव्हा आई तिला सहजपणे सांगते की एफबीआयवाले असतील, तू झोप. आईचा तो सहजपणाच मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला, कारण एका संपूर्ण पिढीने पाळत गृहीत धरून संसार केले, मुले वाढवली आणि आपल्यावर नजर आहे हे बाहेरच्यांना पटवून देण्याचा नाद केव्हाच सोडून दिला, हे त्यातून कळते.

बुंदावी यांनी तो नाद सोडला नाही. १९९०च्या दशकात एफबीआयने या वस्तीचा ‘ऑपरेशन व्हल्गर बिट्रेयल’ या नावाने तपास चालवला होता, हे त्यांना समजले आणि त्यांनी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली त्याची कागदपत्रे मागितली. दुसऱ्या हयात व्यक्तीची माहिती हवी असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती जोडावी लागते, म्हणून गप्प राहण्यातच शहाणपण मानायला शिकलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांनी सह्या गोळा केल्या. आपल्याकडे ३३ हजारांहून अधिक पाने असल्याचे एफबीआयने मान्य केले. मात्र महिन्याला ५०० पाने तपासू, अशी तयारी दाखवली. या गतीने साडेपाच वर्षे लागली असती. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी महिन्याला ३,५०० पाने तपासण्याचा आदेश दिला. हाती आलेल्या कागदांवर काळ्या पट्ट्या भरपूर होत्या, तरीही ज्याला इतकी वर्षे वहम म्हटले गेले त्याला सरकारी फाइल आहे, एवढे निर्विवाद सिद्ध झाले. या चित्रपटाचे वजन आईच्या घरातली दृश्ये आणि कचेरीतली फाइल एकत्र आल्यामुळे आहे. त्यांपैकी एकच असते तर तो एक तर दुखणे ठरला असता किंवा अहवाल.

व्यक्तिगत कथनाला दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. जपानी पत्रकार शिओरी इतो यांनी स्वतःवरील लैंगिक अत्याचाराविषयी २०१७ मध्ये जाहीरपणे बोलायला सुरुवात केली, २०१९ मध्ये दिवाणी दावा जिंकला आणि २०२४ मध्ये त्यावर स्वतःच माहितीपट केला. त्या रात्रीचे हॉटेलमधले सीसीटीव्ही चित्रण त्यात आहे. ते न्यायालयापुरते मिळाले असताना चित्रपटात कसे वापरले, असा आक्षेप त्यांच्याच माजी वकिलांनी घेतला आणि चित्रपटाचे जपानमधले प्रदर्शन बराच काळ रखडले. माझ्या मते हा आक्षेप रास्त होता, मात्र त्यासाठी चित्रपटच अडवून धरणे रास्त नव्हते. आपली गोष्ट सांगताना त्यात इतरांचे चेहरे आणि आवाज येतातच. त्यांना विचारण्याची जबाबदारी पीडितेवरही राहते. ब्रिजव्ह्यूतल्या त्या सह्या कायद्याने मागितल्या म्हणून घेतल्या गेल्या असतील, पण त्यांच्यामुळे एका मुलीची तक्रार वस्तीची तक्रार झाली, हे येथे आठवते.

मराठी वाचकाला प्रथमपुरुषी साक्षीचे मोल नव्याने सांगण्याची गरज नसावी. दलित आत्मकथनांनी १९७०च्या दशकापासून ते काम केले आहे आणि ‘हे फक्त तुमचे दुःख’ या प्रतिक्रियेला त्यांनी केव्हाच उत्तर दिले आहे. परंतु जातीचा छळ गावाच्या डोळ्यांसमोर होत होता. पाळत डोळ्यांआड होते, त्यामुळे तिच्याविषयी सांगणाऱ्याला कागद लागतो. आज ब्रिजव्ह्यूसारखा माहितीपट महाराष्ट्रात कुणी करायला घेतला तर त्याला हा कागद मिळेल का?

एफबीआय अमेरिकेतल्या माहिती कायद्याच्या कक्षेत आहे. आपल्या २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम २४ मात्र गुप्तवार्ता विभाग, रॉ आदी संस्थांना कायद्यातून वगळते. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग एवढाच अपवाद ठेवते आणि मानवी हक्कांच्या बाबतीत तेही माहिती आयोगाच्या मंजुरीनंतरच. दूरध्वनी संभाषण ऐकण्याच्या आदेशांच्या नोंदी, त्यांची गरज उरली नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करण्याची तरतूद टेलिग्राफ नियमांतल्या जुन्या नियम ४१९-अ मध्ये होती, आणि डिसेंबर २०२४च्या नव्या नियमांनीही ती कायम ठेवली आहे. म्हणजे वीस वर्षांनंतर एखादी मुलगी आईच्या घराविषयी विचारायला गेली, तर नकार देण्यासाठीसुद्धा फाइल शिल्लक नसेल. फोनमधून हेरगिरी करणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, त्यांतल्या पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच आहे याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल त्याआधी पाच वर्षे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, लागला होता.

भरीस भर म्हणून २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो लागूही झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अनावश्यक आक्रमण होते, हे दाखवावे लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढे म्हटले तरी पुरते. कलम ८(२) खाली सार्वजनिक हिताचा युक्तिवाद अजून करता येतो हे खरे, पण तो करण्याचा भार अर्जदारावर येऊन पडतो. आदेशावर कोणत्या अधिकाऱ्याची सही होती, हेसुद्धा यापुढे त्याची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले जाऊ शकते. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेला कायदा पाळत ठेवणाऱ्याच्या आडोशाला येणार असेल, तर त्यावर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत आजच्यापेक्षा कितीतरी अधिक चर्चा व्हायला हवी.

जर्मनीत टेहळणी संपल्यावर, तपासाला बाधा येत नसेल तर, संबंधित व्यक्तीला तसे कळवण्याची कायद्यात तरतूद आहे. आपल्या नियमांतही ती यावी आणि सहा महिन्यांत नोंदी नष्ट करण्याची मुभा रद्द व्हावी, यासाठी महाराष्ट्रातील खासदारांनी संसदेत खासगी विधेयक मांडावे, अशी माझी विनंती आहे. चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनीही पटकथा आणि संकलनाबरोबर माहिती अधिकाराचा अर्ज आणि पहिले अपील कसे लिहावे, याचे दोन-चार तास ठेवावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली