त्या लेखाला 'परीक्षण' म्हणू नये

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सोव्हिएत वृत्तपत्रांतील कलासमीक्षेवर आलेला लेख आवडला. मात्र त्यातील एका शब्दाला माझा आक्षेप आहे. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र असलेल्या 'प्राव्हदा'ने 28 जानेवारी 1936 रोजी संगीतकार शोस्टाकोविच यांच्या 'मत्सेन्स्क जिल्ह्यातील लेडी मॅकबेथ' या ऑपेरावर छापलेल्या 'संगीताऐवजी गोंधळ' या मजकुराला लेखकाने 'परखड परीक्षण' म्हटले आहे. परखड परीक्षणे आपल्याकडेही छापून येतात आणि नाटकवाले ती वाचून चार दिवस चरफडतात. तो मजकूर त्या जातीचा नव्हता.

ऑपेरा काही नवा नव्हता. जानेवारी 1934 पासून तो लेनिनग्राड आणि मॉस्कोत गर्दी खेचत होता आणि समीक्षकांनी त्याची वाखाणणीही केली होती. लेखाच्या दोनच दिवस आधी स्टालिन तो पाहायला बोल्शॉय थिएटरमध्ये आले आणि शेवट होण्याआधीच उठून गेले. मग तिसऱ्या पानावर बिनसहीचा लेख आला. मैफलीसाठी अर्खांगेल्स्कला गेलेल्या शोस्टाकोविच यांनी तिथेच अंक विकत घेऊन तो वाचला. प्रेमप्रसंगात हे संगीत बदकासारखे ओरडते, धापा टाकते, गुदमरते अशी टिंगल त्यात आहे, आणि तेवढी टिंगल कोणताही तिरकस समीक्षक करील. परंतु दुर्बोधतेचा हा खेळ फार वाईट रीतीने संपू शकतो, असेही त्यात बजावले आहे. प्रयोग फसला असे समीक्षक म्हणू शकतो. कलावंताचे पुढे काय होईल, हे सांगणे त्याच्या अखत्यारीतले नसते.

खरी मेख सही नसण्यातच होती. नाव असते तर ते एका माणसाचे मत ठरले असते आणि दुसऱ्याला ते खोडून काढता आले असते. 'प्राव्हदा'तला निनावी लेख म्हणजे पक्षाचा निवाडा, हे तिथल्या वाचकाला कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. त्यामुळे त्या फेब्रुवारीत संगीतकारांच्या सभा भरल्या, तेव्हा ऑपेराची स्तुती केलेल्या समीक्षकांनी उभे राहून आपलेच शब्द मागे घेतले. हा लेख 'प्राव्हदा'चे पत्रकार दाविद झास्लाव्हस्की यांनी लिहिला असावा, असे आता अभ्यासक मानतात. पण त्या वेळी ते नाव छापून आले असते, तर लेखाची निम्मी धार गेली असती.

पाठोपाठ 6 फेब्रुवारीला बॅलेची, 20 फेब्रुवारीला वास्तुकलेची आणि 1 मार्चला चित्रकारांची पाळी आली. या शेवटच्या लेखाचे लक्ष्य होते बालकवी मार्शाक यांच्या बालपुस्तकासाठी व्लादिमिर लेबेदेव यांनी काढलेली चित्रे. सोव्हिएत बालपुस्तकांच्या मराठी अनुवादांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे वाचून जरा चुटपुट लागेल. त्या देखण्या चित्रपरंपरेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्यांनाच 'बरबटणारे' ठरवले गेले होते.

सही असली म्हणजे सगळे ठीक, असेही मी म्हणत नाही. 17 डिसेंबर 1937 रोजी 'प्राव्हदा'त 'परके रंगमंदिर' हा नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड यांच्यावरील लेख आला, त्याखाली केर्झेंत्सेव्ह यांचे नाव होते; पण ते कलाविषयक सरकारी समितीचे अध्यक्ष होते, आणि तीन आठवड्यांत त्याच समितीच्या हुकमाने मेयरहोल्ड यांचे थिएटर बंद झाले. 1940 मध्ये मेयरहोल्ड यांना गोळी घालण्यात आली.

आपल्या पुरवणीतील लेखात आणखी एक गोष्ट यायला हवी होती. 1920 च्या दशकात सोव्हिएत नियतकालिकांत कलावंतांचे गट आपापल्या नावानिशी एकमेकांवर तुटून पडत. ती भांडणे पुष्कळदा हीन पातळीवर जात, पण उलट उत्तरही छापून येई. एप्रिल 1932 च्या पक्षठरावाने लेखकांच्या संघटना बरखास्त केल्या, इतर कलांतही तेच झाले, आणि ही सोय संपली. त्यामुळे 'सोव्हिएत काळातील समीक्षा' असा एकच गठ्ठा बांधता येत नाही.

शोस्टाकोविच यांनी आपल्यावर आलेल्या टीकेची कात्रणे जमवून एका वहीत चिकटवून ठेवली होती. चौथी सिम्फनी त्यांनी 1936 च्याच डिसेंबरात तालमी सुरू असताना मागे घेतली आणि ती वाजली 30 डिसेंबर 1961 रोजी.

हा लेख पुढे पुस्तकरूपाने येणार असल्याचे आपल्या टिपेत म्हटले आहे. तेव्हा 'परीक्षण' हा शब्द काढून तिथे 'निनावी संपादकीय' असे करावे, ही विनंती. लेखकांना उत्तर द्यावेसे वाटल्यास सोयीचे व्हावे म्हणून माझे नाव व पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार