निवाऱ्याचे करार पावसाळ्याआधी करा : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : आपद्ग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी संस्थांशी आधीच लेखी करार करून त्यांची तयारी करून घेण्याबाबत

महोदय,

राज्यात पूर आला, दरड कोसळली किंवा वादळ किनाऱ्याला लागले, की इतक्या कुटुंबांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर केल्याची बातमी दुसऱ्या दिवशी वाचायला मिळते. ते सुरक्षित स्थळ बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची शाळा असते, एखादे मंगल कार्यालय असते, नाहीतर देवळाचा सभामंडप असतो. कुलूप कोणी उघडायचे, दोनशे माणसांना प्यायचे पाणी कुठून आणायचे, जनित्राला डिझेल कोणी भरायचे आणि या सगळ्याचे पैसे कोण देणार, हे मात्र माणसे ओल्या कपड्यांनी दारात उभी राहिल्यावर ठरू लागते. हे सारे प्रश्न मे महिन्यातच सुटलेले असावेत आणि ज्या संस्थांच्या जागेत लोक राहणार आहेत त्यांच्याशी तोवर लेखी करार झालेले असावेत, एवढीच मागणी मी या पत्रातून करीत आहे.

मी शिरोळ तालुक्यात राहतो आणि माझी सारी नोकरी शाळेत गेली. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या माणसाला पूर नवा नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट, हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले आणि सांगली-कोल्हापूर या दोन जिल्ह्यांतून ४ लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. आमचा पूर भूकंपासारखा एका क्षणात येत नाही, तो फुटाफुटाने चढतो आणि त्याची मोजणी तासातासाला जाहीर होत असते. म्हणूनच इथल्या निवाऱ्यांची आबाळ झाली तर तिचे कारण वेळ मिळाला नाही असे सांगता येत नाही.

कायदा या बाबतीत अपुरा नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३० ने मदत केंद्रे म्हणून वापरता येतील अशा इमारती आधी निश्चित करून तेथे पाणी व स्वच्छतेची व्यवस्था करण्याचे काम जिल्हा प्राधिकरणाकडे सोपवले आहे. कलम ३१ नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. बचावकार्यासाठी जागा व वाहने अधिग्रहित करण्याचा अधिकार कलम ६५ मध्ये असून त्यांचा मोबदला कलम ६६ मध्ये आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतही मदत छावणीतील निवास, जेवण, कपडे आणि औषधोपचार यांच्या खर्चाला जागा आहे. उणीव आहे ती आराखड्यातल्या इमारतीच्या नावापासून प्रत्यक्ष उघडलेल्या दरवाजापर्यंतच्या अंतरात. यादीत कार्यालयाचे नाव असते, पण अनेकदा ते नाव यादीत आहे हे त्याच्या मालकालाच ठाऊक नसते. मागच्या पुराचे बिल थकलेले असेल तर तो पुढच्या वेळी फोन उचलायला कचरतो, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

अधिग्रहणाचा आदेश काढला की इमारत ताब्यात येते, पण त्यासोबत स्वयंपाकी, झाडणारी माणसे, पंप चालवणारा आणि रात्रभर जागणारा राखणदार येत नाही. ही माणसे करारातून येतात. त्यात प्रतिदिन दर, वीज-पाण्याचा खर्च, नुकसान झाल्यास भरपाई, बिल किती दिवसांत मिळणार याची मुदत, आणि किल्ली ज्यांच्याकडे राहील अशा दोन व्यक्तींची नावे असली पाहिजेत. आमच्याकडे यासाठी जागांचा तुटवडा नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि मंगल कार्यालये नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये रिकामी पडतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे पावसाळ्यात त्यांची मोठाली आवारे, ऊसगाड्यांचे तळ आणि कामगारांसाठी बांधलेली स्वच्छतागृहे मोकळी असतात. बाजार समित्यांच्या शेडचेही बऱ्याच अंशी तसेच आहे. यांपैकी ज्या जागा पूररेषेबाहेर आणि उंचावर आहेत त्यांच्याशी तीन वर्षांचा करार करून काही आगाऊ रक्कम दिली, तर शासनाचा फारसा खर्च होणार नाही आणि संस्थेलाही आपले काम काय ते आधीच कळेल.

आता ज्या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे त्याकडे वळतो, तो म्हणजे जनावरे. पूरपट्ट्यातली कुटुंबे वेळेवर घर का सोडत नाहीत याचे उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात असते. दोन म्हशी आणि एक गाय यांच्या दुधावर ज्या घराचा आठवड्याचा बाजार होतो, ते घर ती जनावरे दावणीला सोडून निघत नाही. बायका-मुलांना पुढे पाठवून घरातला एक माणूस मागे थांबतो, पाणी कमरेला लागल्यावर त्याला आणायला बोट जाते आणि त्या बोटीतल्या सर्वांचाच जीव टांगणीला लागतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसे बुडाली, ते दुःख या खोऱ्यातले कोणी विसरलेले नाही. लोक लवकर निघावेत असे वाटत असेल, तर माणसांच्या निवाऱ्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जनावरांचा निवारा हवा. तिथे वैरण, पाणी आणि पशुवैद्यक हवेत आणि दूध संघाची गाडी रोज पोचली पाहिजे, कारण दूध घातले गेले तर त्या कुटुंबाच्या हातात पूर असतानाही थोडे पैसे येत राहतात. दूध संघ गावोगावचे रस्ते आणि उत्पादक यांची खडान्‌खडा माहिती बाळगून असतात. अशा संघांना आपत्ती आराखड्यात नावानिशी भागीदार करून घेणे हे मला या साऱ्या तयारीतले सर्वांत फलदायी पाऊल वाटते.

निवाऱ्यात काय असावे याचे निकष राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्येच ठरवून दिले आहेत. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर असलेली जागा आणि ३० माणसांमागे एक शौचालय हवे, शिवाय स्त्रिया व मुलांसाठी शौचालय आणि न्हाणीघर वेगळे हवे. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत या निकषांचे गणित मांडून पाहावे. पाच वर्गखोल्या आणि चार शौचालये असलेल्या शाळेत तीनशे माणसे ठेवता येत नाहीत, हे कागदावर पाच मिनिटांत कळते. तरीही ती ठेवली जातात, आणि त्याचा सर्वाधिक त्रास तरुण मुली, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना होतो. म्हणून प्रत्येक इमारतीची क्षमता या निकषांवर काढून ती दारावर रंगवावी, आणि त्याहून जास्त माणसे आली तर पुढची जागा कोणती हेही तिथेच लिहावे.

शाळांबद्दल शिक्षक म्हणून मला थोडे अधिक सांगितले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार आपत्तीतील मदतकार्य शिक्षकांना देता येते आणि ते काम शिक्षक मनापासून करतात. मात्र शाळा हा पहिल्या दोन-तीन रात्रींचा निवारा आहे, तो पंधरवड्याचा होऊ नये. पूर ओसरल्यावरही घरात चिखल आणि ओल असते, मातीच्या भिंती खचलेल्या असतात, त्यामुळे लोकांना परत जाता येत नाही. मग एकतर मुलांची शाळा बंद राहते किंवा लोकांना निघून जायला सांगावे लागते, आणि यातले काहीही मुख्याध्यापकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तिसऱ्या दिवसानंतर लोकांना कुठे हलवायचे, ते ठिकाण करारात आधीच नोंदलेले असावे.

दरडग्रस्तांचा मुक्काम तर महिन्यांत आणि वर्षांत मोजावा लागतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले आणि वाचलेल्या कुटुंबांना नव्या गावातली घरे मिळाली ती एप्रिल २०१७ मध्ये, तोपर्यंत त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर. इर्शाळवाडीची कुटुंबे वर्षाहून अधिक काळ चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली. पहिल्या महिन्यात कंटेनर मिळणे ही मोठी सोय असते हे मान्य आहे, पण चैत्र-वैशाखात तापणारा लोखंडी डबा हे घर होऊ शकत नाही. ज्यांना जवळच्या गावात भाड्याचे घर मिळू शकते त्यांना थेट भाडे द्यावे, आणि ज्यांना कंटेनरशिवाय पर्याय नाही त्यांच्यासाठी वर छप्पर, सावली आणि पंख्याची सोय पहिल्याच दिवसाच्या अंदाजपत्रकात धरावी.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनाने त्या वेळी सांगितले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, परांडा या भागांत हाहाकार उडवला, आणि तिथल्या लोकांना पुराहून दुष्काळाची सवय जास्त होती. तेव्हा ही तयारी नेहमीच्या पूरग्रस्त तालुक्यांपुरती ठेवून चालणार नाही.

हे साधता येते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर शेकडो बहुउद्देशीय निवारे बांधले, प्रत्येक निवाऱ्याला गावकऱ्यांची समिती जोडली आणि गावातल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन सराव घेतले. मे २०१९ मध्ये फनी वादळापूर्वी तिथे सुमारे १२ लाख लोकांना हलवण्यात आले. यातल्या इमारतींइतकेच मोल मी त्या समित्यांना देतो, आणि समित्या नेमायला फारसा निधीही लागत नाही.

महोदय, आपण विभागाला असा आदेश द्यावा की दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रत्येक तहसीलदाराने आपल्या तालुक्यातील निवाऱ्यांची करार झालेली यादी प्रसिद्ध करावी. तीत माणसांची क्षमता, जनावरांची जागा, किल्ली सांभाळणाऱ्या दोघांची नावे व दूरध्वनी क्रमांक आणि तिसऱ्या दिवसानंतरचे पर्यायी ठिकाण असावे. ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातील किमान एक निवारा प्रत्यक्ष उघडून, पाणी चढवून, जनित्र चालवून पाहावे. मागील आपत्तीतील ज्या संस्थांची देयके थकली आहेत ती या आदेशापूर्वी चुकती करावीत, कारण त्याशिवाय नव्या करारावर सही करायला फारसे कोणी पुढे येणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर