इतिहासाचं पुस्तक आधी तारखांत तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इतिहासावरच्या पुस्तकांची परीक्षणं ‘ओघवती भाषा’, ‘प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो’ इथवर येऊन थांबतात. पुरस्कारांची मानपत्रंही तशीच. ओघ कादंबरीलाही असतो. सामान्य वाचकासाठी लिहिलेला इतिहास जोखायचा, तर आधी त्यातल्या तारखा पाहाव्यात.

शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. जुन्या ज्युलियन गणनेने ६ जून १६७४, आजच्या ग्रेगोरियनने १६ जून. दोन्ही बरोबर, पण आपण कोणती गणना धरली हे लेखकाने प्रस्तावनेतच सांगायला हवं. त्या काळात इंग्रज वखारीची पत्रं ज्युलियन, गोव्याच्या पोर्तुगिजांची ग्रेगोरियन. तारखा जशाच्या तशा उतरवल्या, तर पत्राचं उत्तर पत्राच्या आधी पोहोचतं.

सुहूर सनात, म्हणजे मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिलेल्या वर्षगणनेत, तर भले भले घसरतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हा सन मृगाला बदलतो. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ५९९ मिळवले, की १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर आठवड्याने लिहिलेलं पत्र १७६० चं ठरतं, आणि लढाईच्या वर्षभर आधीच पुण्यात रडारड सुरू होते! अशी एक चूक सापडली, तर बाकीच्या तारखाही लेखकाने स्वतः ताडून पाहिल्या नाहीत असं समजावं.

मग बखरी. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. मल्हार रामराव चिटणीसांची शिवछत्रपतींच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी आली. ‘बखरकार म्हणतात’ एवढं लिहून दोघांना एका पंगतीला बसवणारा लेखक वाचकाला फसवतो. चांगला लेखक कोणती बखर हे सांगतो आणि समकालीन पत्र तिच्याविरुद्ध जात असेल तर तेही दाखवतो. अवतरणचिन्हांतली खणखणीत वाक्यं कोणत्या कागदात आहेत, हे तळटीपेत मिळायलाच हवं.

राहिली शब्दसूची, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पानावर हे सांगणारी पुस्तकाअखेरची यादी. सोळा पानांचा एखादा फर्मा वाढतो म्हणून प्रकाशक तिला कात्री लावतात. चारशे पानांत ‘कान्होजी जेधे’ शोधायचे कसे? आपल्या परीक्षणांत पानं आणि किंमत छापता, त्याच ओळीत ‘सूची आहे / नाही’ एवढं छापता आलं तर पाहावं.

कळावे,
एक मोडी वाचक, पुणे