बाबा, ५७६० या आकड्याचा नाद सोडा

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

घरी फोटो छापायला घ्यायच्या प्रिंटरांचा बाबांनी पाठवलेला तक्ता मिळाला. सगळे रकाने भरलेले, आणि ५७६० बाय १४४० या आकड्याखाली दोनदा ओढलेली रेघ! निवृत्त झालात तरी निविदा तपासायची सवय काही गेली नाही तुमची. फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता आणि निम्मं राहून जातं, म्हणून या वेळी लिहूनच पाठवते.

आधी तो आकडा. एका इंचात प्रिंटर शाईचे थेंब किती वेगवेगळ्या जागी टाकू शकतो, एवढंच त्यातून कळतं. फोटो मोजायचा पिक्सेलमध्ये. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल भरपूर झाले. म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० आणि ए-फोरला साधारण २४८० बाय ३५०८. हल्लीचे मोबाइल एवढं सहज देतात. उरलेले थेंब छटा जुळवण्यात खर्च होतात, कारण गव्हाळ रंगाची बाटली कुठल्याच प्रिंटरला नसते. सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा यांचे ठिपके कुठे दाट, कुठे विरळ टाकून तो रंग डोळ्याला भासवायचा असतो. चांगल्या फोटो-प्रिंटरचा थेंब दोनेक पिकोलिटरचा असतो, म्हणजे हवेत असताना केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. तक्त्यातल्या सगळ्याच प्रिंटरांचा थेंब इतपत बारीक आहे, तेव्हा त्या आकड्यावरून त्यांच्यात डावं-उजवं ठरत नाही.

ते ठरतं एका साध्या प्रश्नावर, आणि तो रकाना तक्त्यात नाही: तुम्ही छापणार किती वेळा?

हौस म्हणून घेतलेला इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर, बिघडतो तो बहुधा पडून राहिल्यामुळे. प्रिंटहेडवरची, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागावरची, छिद्रं इतकी बारीक असतात की शाईतलं पाणी उडालं की ती बुजतात. मग फोटोवर आडव्या पट्ट्या येतात किंवा एखादा रंगच गायब होतो. त्यावर उपाय म्हणजे हेड क्लीनिंग, आणि त्यात तीच शाई जोराने ओढून आतल्या स्पंजात टाकली जाते. म्हणजे न छापतासुद्धा शाई संपते. दर आठ-दहा दिवसांनी एक रंगीत पान निघणार असेल तरच घरी इंकजेट ठेवण्यात अर्थ आहे. सणासुदीला आणि कुणी पाहुणे आले की छापू, असं असेल तर सरळ लॅबमधून काढून आणा. लॅबचा फोटो कमअस्सल नसतो, उलट बऱ्याचदा जास्त टिकतो.

मधला एक मार्गही आहे. कॅननच्या सेल्फीसारखे छोटे डाय-सब्लिमेशन प्रिंटर. त्यात पातळ शाईच नसते, रंगाची कोरडी फीत असते. उष्णतेने आधी पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन आणि शेवटी पारदर्शक थर असा तोच कागद चारदा आत-बाहेर करतो. आई, तुला ते बघायला मजा येईल. चार महिने कपाटात राहिला तरी सुकायला त्यात काही नाही. पण मोठ्यात मोठा फोटो पोस्टकार्डाएवढा, आणि फीत व कागद ठरलेल्या जोडीनेच घ्यावे लागतात. (वापरलेली फीत उलगडली तर छापलेल्या फोटोंच्या छाया तिच्यावर दिसतात. टाकायची तर फाडून टाका.)

आई म्हणाली, ‘मला ट्रंकेतले सगळे जुने फोटो पुन्हा काढून भावंडांना वाटायचे आहेत.’ मग छापायला भरपूर आहे आणि इंकजेट वाया जाणार नाही. पण त्याच वाक्याने बाबांची पहिली पसंती बाद होते. एप्सनचा एल १८०५० मोठा कागद घेतो, खरं आहे, पण त्याला स्कॅनर नाही. एल ८०५० लाही नाही. दोन्हींत सहा शाया आहेत, नेहमीच्या चार आणि वर फिकट सायन व फिकट मॅजेंटा. गालावर, कपाळावर जिथे रंग अगदी हलका असतो तिथे गडद शाईचे विरळ ठिपके रवाळ दिसतात, फिकट शाई दाट टाकता येते म्हणून कातडी मऊ उतरते. आजचे रंगीत फोटोच छापायचे असते तर मीही तोच घ्या म्हटलं असतं.

ट्रंकेत मात्र निम्म्याहून जास्त कृष्णधवल आहेत. करडा रंग तीन रंगीत शायांतून बनवायला गेलं की तोल जरासा ढळतो आणि आजोबांचा कोट कधी हिरवट, कधी जांभळट दिसतो. म्हणून मी म्हणते, वेगळी करडी शाई असलेला घ्या. एप्सनच्या एल ८१६० मध्ये ती आहे, कॅननच्या जी ६७० मध्येही आहे (तिथे जोडीला तांबडीसुद्धा), आणि दोघांनाही स्कॅनर आहे. दोन्ही टाकीवाले, म्हणजे बाटलीने शाई भरायची. तुमच्या वापराला कार्ट्रिज परवडणार नाही. या दोघांतला कुठला, ते तुम्ही ठरवा. माझा कल एप्सनकडे आहे, पण जवळ ज्याचा दुरुस्तीवाला आहे तो घेणं शहाणपणाचं.

बाबांसाठी एक आडवळण. या दोन कंपन्यांची थेंब उडवायची रीतच वेगळी आहे. एप्सनमध्ये वीज दिली की आकार बदलणारा पिझो घटक शाईला ढकलतो. कॅननमध्ये इवलासा हीटर शाईला क्षणात उकळवतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न (तारांना डाग द्यायचं हत्यार) शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि टोकातून शाई उडाली, तिथून ही कल्पना निघाली म्हणतात. घरात दोन्ही सारखेच चालतात.

शाईचा प्रकार मात्र बघायला हवा. डाय म्हणजे विरघळलेला रंग. तो कागदाच्या थरात मुरतो, चकचकीत कागदावर झळाळतो, पण ऊन आणि मोकळी हवा त्याला मानवत नाही. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण. ते जास्त टिकाऊ आणि पाण्याला दाद न देणारे, पण त्यांचे घरगुती फोटो-प्रिंटर महाग आणि देखभालीला नाजूक. तुम्हाला डायच पुरे. फक्त भिंतीवर लावायचा फोटो काचेमागे ठेवा आणि थेट उन्हात नको. मूळ फोटो कधीच फेकायचे नाहीत. जुन्या कृष्णधवल फोटोतलं चित्र चांदीच्या कणांचं असतं, आपल्या घरगुती प्रतीपेक्षा तोच जास्त जगेल.

कागदात कंजुषी करू नका, असं मी तुम्हाला सांगणं म्हणजे अतीच झालं, पण सांगते. साध्या कागदावर शाई धाग्यांतून पसरते आणि सगळं मळकट दिसतं. फोटो-कागदावर शाई धरून ठेवणारा थर असतो. वाटायच्या प्रतींना चकचकीत घ्या, पण आईच्या अल्बमला लस्टर किंवा सेमी-ग्लॉसी बरा. त्यावर बोटांचे ठसे कमी उठतात आणि दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही. वजन २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) पुढचं असलं की हाताला फोटो वाटतो. कागद पाकिटातच, आडवा ठेवायचा. दमटपणाने कडा वळल्या की प्रिंटहेड त्यांना घासतं आणि काळे ओरखडे येतात. छापायची बाजू ओळखता येत नसेल तर कोपऱ्याला जरा ओलसर बोट लावा, चिकटसर लागेल ती.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथून होतात ती जागा: प्रिंटच्या खिडकीतला ‘पेपर टाइप’. उत्तम कागद घातला आणि तिथे ‘प्लेन पेपर’ तसंच राहिलं, तर प्रिंटर त्या हिशोबाने शाई टाकणार आणि फोटो निस्तेज येणार. मग बाबा कागदाला दोष देणार आणि आई बाबांना. मोबाइलवरून छापतानाही हा पर्याय असतो, कधी कधी ‘आणखी’ किंवा ‘सेटिंग्ज’च्या आत दडलेला. कंपनीचं अ‍ॅप वापरलंत तर लवकर सापडेल.

पडद्यावरचा फोटो छापल्यावर काळपट वाटला तर प्रिंटरला बोलू नका. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. बाबांच्या मोबाइलचा ब्राइटनेस तर कायम शेवटच्या टोकाला! तो निम्म्यावर आणा, फोटो तेव्हा कसा दिसतो ते बघा, मग थोडा उजळ करून छापा. मोठा काढायच्या आधी तोच फोटो लहान कागदावर काढून दिवसाउजेडी बघायचा.

डोकी कापली जातात त्याचंही कारण साधं आहे. मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, ४ बाय ६ चा कागद ३:२ प्रमाणात. कुठून तरी कापावंच लागतं, आणि कडेपर्यंत छापताना प्रिंटर फोटो किंचित वाढवून कडा आणखी थोड्या खातो. कुठून कापायचं ते तुम्ही ठरवा, नाहीतर प्रिंटर ठरवतो. ग्रुप फोटोला पांढरी चौकट ठेवून छापलं की वादच मिटला.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो छापायचे असतील तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. तो ४ बाय ६ ला चालून जातो, ए-फोरला धूसर दिसतो. आत्या जे ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ पाठवते ते कुठल्याच आकारात छापू नका.

जुने फोटो स्कॅन करताना हिशोब सोपा आहे. २ बाय ३ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट मोठा, ४ बाय ६ चा फोटो नीट निघतो. त्याहून लहान, पासपोर्ट आकाराचे फोटो १२०० ला करा. काच आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, तिच्यावर फवारा मारायचा नाही. फोटो वाकलेला असेल तर झाकण दाबून बळजबरी नको, आणि जो फ्रेमच्या काचेला चिकटून बसलाय तो सोडवायचा तर अजिबात नाही, वरचा थर निघून येतो. या स्कॅनरांना काचेपासून जरा वर असलेलं अंधुक दिसतं, म्हणून तसे फोटो खिडकीच्या बाजूच्या उजेडात, झळ येणार नाही अशा कोनात ठेवून मोबाइलनेच काढा.

आईचे लग्नानंतरचे रंगीत फोटो तांबूस झालेत, ते अल्बम नीट न ठेवल्यामुळे नव्हे. त्या काळच्या रंगीत कागदातला सायन रंग अंधारातसुद्धा आधी उडायचा, आणि तो गेला की उरतो तांबडेपणा. तो बऱ्यापैकी परत आणता येतो, स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग सुधारण्याची खूण असेल तर ती करून बघा. जे बिघडलेलेच वाटतील ते मला पाठवा. फाइलींना यंत्राने दिलेली नावं ठेवू नका. आईने सांगायचं, बाबांनी टंकायचं: साल, प्रसंग, डावीकडून कोण कोण. हे काम आत्ताच करा, कारण अर्ध्या चेहऱ्यांची नावं तुम्हा दोघांशिवाय कुणालाच येत नाहीत.

फोटो निघाला की लगेच थप्पी लावायची नाही. हाताला कोरडा लागला तरी फ्रेममध्ये घालायच्या आधी दिवसभर मोकळा राहू दे, नाहीतर काचेला आतून धूसर थर येतो. चिकट पानांचे ते जुने अल्बम नकोत, कोपरे अडकवायचे किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांचे घ्या.

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या नव्हे. बटणाने बंद केला की प्रिंटहेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं, मधेच वीज तोडली तर उघडंच राहून सुकतं. बाबा, रात्री सगळी बटणं बंद करत फिरता ना, त्या फेरीतून याला वगळा. वापरत नसाल तेव्हा वर कापड टाका, मागच्या तोंडातून धूळ जाते.

मी येईपर्यंत खोका उघडू नका म्हटलं तरी तुम्ही उघडणार, तेव्हा एवढं करा. प्रिंटर सपाट टेबलावर ठेवा आणि शाई भरल्यावर तिरका करून हलवू नका. पहिल्यांदा शाई नळ्यांमधून भरायला बराच वेळ लागतो आणि टाकीतली पातळी एकदम खाली जाते, गळती झाली असं समजून मधेच बंद करू नका. मग नोझल चेक, म्हणजे छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं रेघांचं पान, काढा. रेघा अखंड असतील तर लागा कामाला. तुटक असतील तर क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा, तरीही नाही जमलं तर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा बघा. लागोपाठ करत बसलात तर टाकी रिकामी होईल. त्या पानाचा फोटो मला पाठवा, कुठला रंग अडकलाय ते मी सांगते.

आईची गुडघ्याची गोळी चालू आहे ना?

तुमची लाडकी,
मुक्ता