सीलिंगला भोकं कोण पाडणार? मॅडमना एक अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ऑफिसच्या कामाची फाईल गेल्या आठवड्यात बंद केली. दोषदायित्वाचे, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे, १२ महिने पूर्ण झाले, शेवटची स्नॅग लिस्ट (राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी) निकालात निघाली आणि रिटेन्शनची, म्हणजे हमी म्हणून बिलांतून राखून ठेवलेल्या पैशांची, उरलेली अर्धी रक्कमही कंत्राटदाराला गेली. फाईल कपाटात ठेवताना पहिल्या बीओक्यूच्या (कामांच्या, मापांच्या आणि दरांच्या यादीच्या) समासात तुमचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं : 'हे कोण करणार?' एकाच पानावर अकरा वेळा. समोर बसून आभार मानायला गेलो तर तुम्ही 'बरं, ॲज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे) आली का?' म्हणून विषय बदलाल, हे ठाऊक आहे. म्हणून चारचौघांत लिहितोय.

मी मूळचा हिशेबातला माणूस. 'खर्चाचं याला कळतं' एवढ्याच भांडवलावर नव्या जागेच्या इंटिरियरचं काम माझ्या गळ्यात पडलं. झालेला खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे मला कळत होतं. व्हायचा खर्च कुठे दबा धरून बसतो, याचा मात्र पत्ता नव्हता. तुम्ही आमच्या सल्लागार म्हणून आलात तेव्हा मी तीन कोटेशनांचा तुलनातक्ता करून सगळ्यांत कमी आकड्याला पिवळा रंगही फासून ठेवला होता. तुम्ही तक्ता बाजूला सारलात, ड्रॉइंग मागवलंत आणि विचारलंत, "दिव्यांसाठी सीलिंगला भोकं कोण पाडणार?"

खरं सांगतो, मनात म्हटलं, बाईंना एवढंच दिसलं? मग तुम्ही दोन ओळी दाखवल्यात. सीलिंगवाल्याने लिहिलं होतं, 'कटआउट वगळून'. इलेक्ट्रिकलवाल्याचं होतं, 'तयार कटआउटमध्ये दिवे बसवणे'. दोघांनीही लबाडी केली नव्हती, आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. पण मजलाभरची सगळी भोकं त्या दोन ओळींच्या मधे बेवारस पडली होती, आणि साइटवर काम अडलं असतं त्या दिवशी दोघांपैकी कोणीतरी मागेल तो दर आम्ही निमूट दिला असता.

त्यानंतरचे दोन दिवस आपण फक्त असली बेवारस कामं शोधत बसलो. एसीच्या युनिटपर्यंत वीज कोण आणणार? युनिटखालच्या ट्रॅपडोअरचे पैसे कोणाच्या दरात? भिंतीतून केबल गेल्यावर उरलेली फट आगरोधक मालाने कोण बुजवणार? इमारतीच्या स्प्रिंकलरच्या मुख्य पाइपला जोड कोण देणार, आणि तेवढा वेळ पाणी बंद ठेवायची परवानगी कोण काढणार? राडारोडा खाली न्यायचा कोणी आणि कुठल्या लिफ्टने? तुम्ही तक्ता आखलात. उभ्या रकान्यांत सगळे ठेकेदार, जागामालक आणि आम्ही स्वतः. आडव्या ओळींत कामं. एका ओळीत एकच खूण हवी. दोन खुणा आल्या तर एकाच कामाचे दोनदा पैसे जाणार, एकही नसली तर पुढे एक्स्ट्रा आयटम ठरलेला. जागामालकाचा रकाना मला सुचलाच नसता, आणि सगळ्यांत जास्त वाद त्याच रकान्यातून निघाले असते.

मग दरांकडे वळलात. माझ्या त्या पिवळ्या कंत्राटदाराचा पार्टिशनच्या फ्रेमचा आणि पाडकामाचा दर इतरांपेक्षा बराच चढा होता. कार्पेटचा दर मात्र नुसत्या मालाच्या किमतीलाही पुरणारा नव्हता. मला वाटलं टायपिंगची चूक असेल. तुम्ही सांगितलंत, आधी होणाऱ्या कामांत पैसा भरला की पहिल्या दोन-तीन आरए बिलांतच (काम चालू असताना निघणाऱ्या हप्त्याच्या बिलांतच) तो हातात पडतो, शेवटच्या कामांत मग त्याला रस उरत नाही. शिवाय चढ्या दराच्या आयटमचं माप वाढलं तर सर्वांत स्वस्त माणूस स्वस्त राहत नाही. तुम्ही ड्रॉइंगवरून मापं पुन्हा काढलीत, आणि काचेच्या पार्टिशनमधून दारांची जागा वजा करायची की नाही हे बीओक्यूत कुठेच नसल्याचं तेव्हा लक्षात आलं. तरीही तुम्ही त्याला बाद केलं नाहीत. बोलावून घेतलंत, एकूण आकडा तोच ठेवून दर सरळ करून घेतलेत, मापाची पद्धत लिहून घेतलीत आणि मगच ऑर्डर दिलीत.

ऑर्डरवरून आपलं वाजलं होतं, तेही लिहायला हवं. वरून तारीख आली होती आणि मला दोन ओळींचं एलओआय, म्हणजे काम देण्याचा इरादा कळवणारं पत्र, देऊन काम सुरू करायचं होतं. तुम्ही अडून बसलात. नुसतं 'काम सुरू करा' लिहिलं की दर, मुदत, दंड सगळ्यांची घासाघीस आपण काम त्याच्या ताब्यात दिल्यावर करणार, हे तुमचं म्हणणं. मला तो कागदी हट्ट वाटला. शेवटी एलओआय गेलं, पण त्यात कमाल रक्कम होती, आणि कामं दोनच : शॉप ड्रॉइंग (कंत्राटदाराने काढायचे बारकाव्यांचे नकाशे) काढणं आणि यायला वेळ लागणाऱ्या मालाची मागणी नोंदवणं. यूपीएस, एसीची बाहेरची युनिट्स, फायर अलार्मचं पॅनेल. ऑर्डर दिली म्हणजे खरेदी झाली, अशी माझी समजूत होती. तुम्ही माल साइटवर हवा त्या तारखेपासून उलटं मोजत गेलात : लिफ्टची वेळ, वाहतूक, कारखान्यातली तपासणी, उत्पादन, ड्रॉइंगची मंजुरी, ड्रॉइंग. मोजणी संपली तेव्हा कळलं की यूपीएसची ऑर्डर द्यायची तारीख दहा दिवसांपूर्वीच उलटून गेली होती.

आणि कार्पेटचा नमुना. तो आमच्याच संचालकांच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. कंत्राटदाराला उशिराचा दंड लावायचा विषय निघाला, तेव्हा तुम्ही मंजुरीची नोंदवही उघडून सगळ्यांसमोर ती तारीख वाचलीत. आमच्या बाजूच्या सल्लागार असून तुम्ही त्याला मुदतवाढ द्यायला लावलीत. त्या दिवशी मी चिडलो होतो. पुढे त्याच कंत्राटदाराने वादाचा एकही कागद न पाठवता अंतिम बिल सही करून दिलं, तेव्हा माझा राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही.

पण तुमचं सगळ्यांत मोठं ऋण आहे ते 'कुजबुजीच्या रकान्या'चं. माझ्या खर्चपत्रकात दोनच रकाने होते, बजेट आणि दिलेले पैसे. दिलेले पैसे बजेटच्या निम्मेसुद्धा नव्हते, म्हणून मी निवांत होतो. तुम्ही दिलेल्या ऑर्डरींचा रकाना घातलात, मंजूर बदलांचा घातलात, आणि मग त्यांच्या शेजारी तो पाचवा : ज्याबद्दल साइटवर कोणीतरी बोललंय, पण कागदावर अजून काहीच नाही. 'ही केबिन जरा मोठी करा' हे संचालकांचं जाता जाता टाकलेलं वाक्य तुम्ही त्याच संध्याकाळी तिथे आकड्यासकट लिहिलंत. मला वाटत होतं, एक पार्टिशन दोन हात सरकवायचं. तुमच्या ओळीत सीलिंगची ग्रिड होती, स्प्रिंकलर होता, एसीचा डिफ्यूझर (हवा सोडणारी जाळी), दिव्यांची सर्किटं, कार्पेटची वाया जाणारी कापाकाप, आणि सहा दिवस. आकडा पाहून संचालक म्हणाले, "केबिन आहे तशी चांगली आहे." त्या रकान्याने वाचवलेले पैसे कुठल्याच अहवालात दिसत नाहीत, कारण ते खर्चच झाले नाहीत.

जे बदल खरोखर हवे होते, त्यांच्यासाठी तुमचा एका पानाचा फॉर्म. काय, कोणी सांगितलं, किती दिवस, कुठल्या दराने. कंत्राटातला दर असेल तर तोच, मिळताजुळता आयटम असेल तर त्यावरून काढलेला, नाहीतर माल, मजुरी आणि ठरलेला नफा मांडून केलेलं दराचं पृथक्करण. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना कंत्राटात, कंत्राटदाराला दाव्याची सूचना द्यायला २८ दिवस मिळतात. आपलं कामच काही महिन्यांचं, म्हणून तुम्ही ७ ठेवलेत. कंत्राटदार आधी कुरकुरला. पण त्याच फॉर्ममुळे त्याचे पैसे पुढच्याच बिलात निघायला लागले, तेव्हा तोच फॉर्मचा गठ्ठा मागून घेऊन गेला.

सीलिंग बंद व्हायच्या आधी डक्ट आणि इन्सुलेशनची एकत्र मापं घ्यायला तुम्ही मला शिडीवर चढवलंत, तेही विसरलेलो नाही. गुडघे अजून आठवण देतात. खुर्च्या आम्ही परस्पर विकत घेतल्या तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की उतरवायच्या कोणी आणि ठेवायच्या कुठे. मी दुर्लक्ष केलं. त्या खुर्च्या चार वेळा हलवल्या गेल्या, दर वेळी वेगळ्या बिलावर, आणि दराची सगळी बचत त्यातच गेली. तुम्ही नंतर त्यावर एक अक्षर बोलला नाहीत, हे जास्त लागलं.

एका बाबतीत माझं मत अजून बदललेलं नाही. सोमवारची बैठक दोन तास चालायची काहीच गरज नव्हती.

तुमची तिकोनी स्केलपट्टी माझ्या खणात राहिली आहे. ती परत कोणी पोचवायची हे आपल्या तक्त्यात नव्हतं, तेव्हा ती खूण माझ्या रकान्यात धरतो आणि या आठवड्यात घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
हिशेब विभागातला, शिडीवर चढलेला