विषय: बंद पडलेल्या माइकचा 'आवाज पाठवा' म्हणून तक्रार बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला. ठेवला म्हणजे समोरूनच कट झाला. पाठोपाठ मेसेज आला की माझी तक्रार 'निकाली' निघाली. कारण लिहिलंय, ग्राहकाने पाठवलेल्या फाइलमध्ये आवाज नाही.

हेडसेट तुमचा, यूएसबीचा, ऑफिसवाल्यांसाठी म्हणून विकता तोच. वॉरंटी एक वर्षाची, ती अजून चालू आहे. कानात नीट ऐकू येतं, माइक मात्र मेला आहे. मी निपाणीत जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो, पक्षकार बहुतेक तंबाखूचे व्यापारी. हल्ली सुनावण्या व्हिडिओवर होतात, म्हणून मुद्दाम चांगला हेडसेट घेतला. ऐन सुनावणीत अधिकारी हातानं कानाकडे खूण करायला लागले आणि पक्षकार माझ्या तोंडाकडे बघत बसला. शेवटी लॅपटॉपच्या साध्या माइकवर बोललो. माझं ऑफिस बस स्टँडजवळ आहे, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या गाड्यांचे हॉर्न साहेबांनी माझ्या युक्तिवादासोबत ऐकून घेतले.

तपासायचं ते सगळं तपासूनच फोन केला होता. विंडोजच्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी चालू आहे. साउंडच्या इनपुटमध्ये तुमचाच हेडसेट निवडलेला आहे. जुन्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये तो डिफॉल्ट आहे, लेव्हल 100 वर आहे, एक्सक्लुझिव्ह मोडची खूण काढलेली आहे. वायरीवरच्या म्यूट बटणाचा लाल दिवा बंद आहे. बोललो की बाजूची, आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी हलायला पाहिजे, ती जागची हलत नाही. त्याच पोर्टला दुसरा हेडसेट लावला तर पट्टी नाचते. तुमचा हेडसेट मुलाच्या लॅपटॉपला लावला, तिथंही मुका. त्याच्याकडे उबंटू आहे, विंडोजच नाही, तेव्हा 'विंडोजच्या अपडेटमुळे होतं सर' हे उत्तर दुसऱ्या कुणासाठी तरी राखून ठेवा.

दोष कुठं आहे तेही मी शोधून दिलं होतं. माइकची दांडी कानाच्या वाटीला जिथं फिरते त्या बिजागरीपाशी बोटानं दाबून धरली की खर्र आवाज येतो, पट्टी एकदम वर उडते आणि बोट काढलं की परत आडवी. आत वायर तुटलीय, एवढं शाळकरी पोरगंही सांगेल. हेडसेटमधली यूएसबीची चिप जिवंत आहे म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठणठणीत दिसतं. तुमचा माणूस त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, 'डिटेक्ट हो रहा है ना सर, मतलब प्रोडक्ट ओके है.'

त्यानंतर त्यानं मला रिअलटेकचा ड्रायव्हर काढून परत टाकायला सांगितलं. यूएसबी हेडसेटचं साउंड कार्ड त्याच्याच पोटात असतं, मदरबोर्डवरच्या रिअलटेकशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. निदान नसावं. मग म्हणाला, माइकची गुलाबी पिन घट्ट बसलीय का बघा. गुलाबी पिन! अहो, तुमच्या या मॉडेलला गुलाबीच काय, कुठल्याच रंगाची पिन नाही, एकच यूएसबी आहे. तेही सांगितलं, तर म्हणाला विंडोज फॉरमॅट करा. माझ्या मशीनवर पक्षकारांचा टॅलीचा डेटा आहे, डिजिटल सहीची सगळी जुळणी आहे. तुमच्या एका तुटक्या वायरीपायी मी ते पुसून टाकू?

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडून मेल आला की दोष ऐकू येईल असं रेकॉर्डिंग पाठवा. मी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग केलं, पूर्ण वेळ मोठ्यानं बोललो, फाइल पाठवली. आजचा फोन त्यावरच होता. संवाद जसाच्या तसा देतो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला ऐकवतात, ताडून बघा.

तो म्हणाला, 'सर, फाइल में आवाज ही नहीं है.'
मी म्हणालो, 'बरोबर. तीच तक्रार आहे.'
'नहीं सर, आवाज के बिना हम कैसे चेक करेंगे?'
'माइक चालत नाही, आवाज येणार कुठून?'
'सर, आप थोडा जोर से बोलके दूसरी फाइल भेजिए.'
मी विचारलं, जोरात म्हणजे किती? निपाणीतून तुम्हाला थेट ऐकू येईल इतकं?
त्यावर तो शांतपणे म्हणाला, 'सर, आपकी आवाज तो मुझे क्लियर आ रही है. माइक ठीक है.'
मी मोबाइलवर बोलत होतो, महाराज! तुमचा हेडसेट टेबलावर पडला होता. हे सांगितल्यावर त्यानं मला होल्डवर टाकलं, तुमच्या जाहिरातीचं संगीत ऐकवलं आणि फोन कट केला. संगीत अगदी स्पष्ट ऐकू आलं, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि सर्व्हिस सेंटरचं काय लावलंय? निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, कोगनोळीचा टोल नाका ओलांडला की झालं. तिथं तुमचं अधिकृत सेंटर आहे. हेडसेट घेऊन गेलो तर काउंटरवरच्या मुलानं पिनकोड विचारला, 591 ऐकलं आणि 'काका, तुमचं कर्नाटकात येतं, सिस्टीम घेत नाही, हुबळीला जावा' म्हणून परत पाठवलं. त्या मुलाचा दोष नाही, तो निदान माझ्या भाषेत आणि अदबीनं बोलला. पण हुबळी म्हणजे बेळगावच्याही पलीकडं, इथून बेळगाव जेवढं, बेळगावपासून पुढं परत निदान तेवढंच. विकताना तुम्ही पिनकोड बघून नाही म्हणाला नव्हता. आमचा सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेपर्यंत तुमच्या सिस्टीमला थांबायचं असेल तर वॉरंटीही तोवर चालू ठेवा. तुमच्या कॉल सेंटरला फोन लावून कन्नडसाठीचं बटण दाबलं तरी हिंदीच माणूस येतो, ते वेगळंच. मला तिन्ही भाषा येतात, एकाही भाषेत उत्तर मिळालं नाही.

शब्द जपून लिहायचे ठरवले होते. पण आवाज नसलेल्या माइकची तक्रार 'आवाज नाही' या कारणानं बंद होते, तिथं संयम तरी किती ठेवायचा. याच कंपनीचा माउस आणि कीबोर्ड माझ्या ऑफिसात वर्षानुवर्षं चालू आहेत. पक्षकारांनाही मीच तुमचं नाव सुचवत आलो. ते काम आजपासून बंद.

माझा पेशा कायद्याच्या कागदपत्रांचाच आहे, तेव्हा हेही नोंदवतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो, म्हणजे बेळगावात. त्यासाठी मला तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणार आहे. सदोष माल हा एक मुद्दा आणि सेवेतली त्रुटी हा दुसरा, दोन्ही स्वतंत्र मांडीन. नुकसानभरपाईत ती सुनावणीही धरीन.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत एक तर नवा हेडसेट द्या, नाही तर पूर्ण पैसे परत करा. जुना नेण्यासाठी कुरिअर निपाणीला पाठवा किंवा कोल्हापूरच्या सेंटरला तो घ्यायला लेखी सांगा. उत्तर मेलवर द्या, फोन करू नका.

आपला,
एक कर सल्लागार, निपाणी, जि. बेळगाव

सोबत: बिलाची प्रत, सीरियल नंबरचा फोटो, दांडी दाबल्यावर पट्टी उडते त्याचा व्हिडिओ.